चुन्याची खूण

बोर्ली पंचतनच्या नूतनताई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पोफळीवर चढायला शिकू लागल्या. सुपारी उतरवणारा गडी मुंबईला नोकरीला गेला होता, आणि यंदाचे पीक गळून वाया गेले तर दीर वाडी विकणार होते.

शिकवायला शेजारचे हरीभाऊ. त्यांचे गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. त्यांनी सर्वांत बुटक्या पोफळीवर पानाच्या डब्यातल्या चुन्याने खूण केली, ताईंच्या कमरेला सवयीसाठी कोयता लावला आणि बजावले, "वहिनी, खूण आली की उतरायचं. वर बघायचं न्हाय, खाली तर न्हायच."

पायांत दोर अडकवून ताई भीतभीत चढल्या. पहिल्या दिवशी चार ढांगांत खूण आली. आठवड्याने सात लागल्या, मग दहा. ताईंना काही कळेना. सरावाने माणूस चपळ होतो म्हणतात, आपली तर ताकदच चालली की काय?

सोमवारी चौदा लागल्या. ताई खोडाला मिठी मारून रडवेल्या झाल्या. "हरीभाऊ, विकू दे त्यांना वाडी! तेवढंच अंतर मला झेपेनासं झालंय."

"तेवढंच? आता बघा वर."

पिकल्या सुपारीचा घड कपाळाला टेकत होता. ताईंनी नकळत खालीही पाहिले. हरीभाऊंच्या हातात लांब बांबू होता, टोकाला चुन्याची चिंधी. "रोज तुमच्या आधी येऊन जुनी पुसायचो, नवी वर लावायचो."

म्हणजे भीती गेली, की नुसती फसली? आणि कुठल्या दिवशी? ताईंना उलगडेना. त्यांनी कोयता काढला.

"सरका बाजूला, डोक्यात पडेल!"