भाडेकरूसह घर

कारंज्यात घर घेतलं तेव्हा त्याच्यासोबत मागच्या दोन खोल्यांतली भाडेकरीणही आली. दलाल म्हणाला, "करार दिवाळीपर्यंत हाय, तवर तिले काढता येत नाही." माझं डोकंच फिरलं. मानोऱ्याहून बिऱ्हाड हलवलं ते पोरींच्या शिक्षणासाठी, आणि त्यांना अभ्यासाला त्याच खोल्या हव्या होत्या. दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करा, हे आत्ताच सांगून टाकू म्हणून एका सकाळी मागे गेलो. रिकाम्या हातानं जाणं बरं दिसेना, म्हणून शेतातले चार-पाच किलो कांदे पिशवीत घेतले.

मावशी एकटीच राहायची, ब्लाउज शिवून पोट भरायची. पिशवीत डोकावली आणि तिचा चेहरा उतरला. शिलाई मशीनच्या खणातून तिनं करार काढला.

"भाऊ, परीक्षा पाहून राह्यले काय माही? एकोनीस वर्सांत कांदा-लसून या घरात आनला नाही मी."

जुने मालक जैन. घरात कांदा, लसूण, बटाटा शिजवायचा नाही, ही अट त्यांनी करारात हातानं लिहिली होती. मालक बदलला तरी बाई बिचारी ती पाळत बसली होती, आणि आमच्या लसणाच्या फोडणीचा वास रोज तिच्या दारात जात होता! मला हसू आवरेना.

"मावशी, आमी शेतकरी मानसं. कांद्याबिगर घास उतरत नाही आमच्या घशाखाली."

"मंग खोडा ते." तिनं पेन पुढे केला.

मी अट खोडली, शेजारी सही केली. सही तिनं डोळ्यांजवळ धरून पाहिली. मग हळूच विचारलं, "आन दिवाळीनंतर?"

तिच्यामागे भिंतीशी पत्र्याची पेटी दोरीनं बांधून ठेवली होती. मी विचारलं, ही कायले?

"करार संपाले आला का दरसाल भरून ठेवतो. मालकानं सही केली का मोकळी करतो. औंदा मालकच बदलला, म्हनून आत्ताच भरली."

एकोणीस वर्षं! मला माझीच लाज वाटली. पोरी अजून स्वयंपाकघरात पुस्तकं पसरून बसतात आणि माझ्यावर चिडतात. चिडू देत.

"मावशी," मी म्हणालो, "पेटी मोकळी करा. आन आता परत भरू नका."

ती गाठ सोडायला वाकली, पण तिला ती सुटेना. शेवटी दोरी मीच सोडली.