ढग्याची आंघोळ

घडीकाकांना घडीकाका का म्हणायचे, तर त्यांनी घातलेली शर्टाची घडी पेटीतून परगावी नेली तरी मोडायची नाही, म्हणून. खरं नाव विचाराल तर त्यांच्या लेकीलाच ठाऊक. रस्त्याला लागून पुढची खोली, तिथे दुकान. मागची खोली म्हणजे घर, आणि त्याच्यामागे एक चिंचोळं न्हाणीघर. पुढे धुलाई नि इस्त्री, मागे चूल नि झोप, मध्ये नुसता एक पडदा. बायको फार आधीच गेलेली. पोरगा होता, तो मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्टा दुरुस्त करायचा. एके दिवशी सकाळी डबा घेऊन कामावर गेला आणि दुपारी डबा तेवढा घरी आला.

माणूस रडतो, मग रडून दमतो, मग उठून चहा करतो. काकांनीही तेच केलं. पण पोराच्या मागे एक जण राहिला होता, त्याला काय सांगणार? तो म्हणजे ढग्या.

ढग्या कुत्रा. बर्फातल्या मुलखातली जात, पांढराशुभ्र, पाठीवर किंचित करडी झाक, शेपटी वर गुंडाळलेली. पोराने पिल्लू असताना आणला तेव्हा काका म्हणाले होते, "दोन दिवस ठेव, मग परत कर." ते दोन दिवस काही संपले नाहीत. अंगात जोर म्हणजे असा, की सकाळी फिरायला निघाले की काका पुढे वाकलेले आणि पाय मागे घासत चाललेले. कोपऱ्यावरचा चांभार रोज विचारायचा, "काका, तुम्ही त्याला फिरवताय की तो तुम्हाला?"

"तो मला कामाला लावतोय," काका म्हणायचे. "तुझी चपलेची दुकानदारी चालावी म्हणून."

पोरगा गेल्यावर काका बोलायचे ते ढग्याशीच. इस्त्री फिरवता फिरवता, अरे ही बाहीच बघ, अरे हा डाग निघेल का रे. ढग्या पडद्याखालून नाक काढून ऐकायचा. बस, तेवढ्यावर त्या माणसाचा दिवस सरायचा.

आता खोट एकच होती. केस. वर्षातून दोनदा ढग्याचे केस गळायचे, म्हणजे किती, तर एका कुत्र्यातून आख्खा दुसरा कुत्रा निघावा एवढे. कापसासारखी मऊ लव, पंख्याच्या वाऱ्याने उडायची आणि पडदा ओलांडून थेट धुतलेल्या कपड्यांवर बसायची. साध्या गिऱ्हाइकांनी चालवून घेतलं. पण काकांचं पोट होतं ते एका हॉटेलवर. तिथली टेबलावरची कापडं, नॅपकिन, वाढप्यांचे कोट, सगळं यांच्याकडे. एके दिवशी हॉटेलचा मॅनेजर स्वतः आला, हातात घडी घातलेलं कापड.

"काका, हे काय?"

काकांनी चष्मा लावला. पांढऱ्यावर पांढरा केस. "धागा असेल."

"धागा शेपटी हलवत नाही. सूपमध्ये निघाला दुसरा. गिऱ्हाईक उठून गेलं. मी तुमचं वय बघून स्वतः आलोय, नाहीतर फोनवरच सांगितलं असतं. आणखी एकदा झालं ना, तर मला दुसरीकडे बघावं लागेल."

तो गेला, आणि त्याच आठवड्यात लेक आली. तिच्या कानावर गेलंच होतं.

"बाबा, द्या तो कुत्रा कुणाला तरी."

"दादाचा आहे तो."

"दादा माझाही होता." ती पिशवीतली भाजी काढत होती, ती काढायची थांबली. "तुम्ही माझ्याशी फोनवर दोन वाक्यं बोलता. त्याच्याशी दिवसभर."

"तो उलट उत्तर देत नाही."

"काम गेलं तर खाल काय? तुम्ही आणि तो, दोघं?"

काका म्हणाले, "केस बंद करून दाखवतो. झाले बंद, तर राहील. नाही झाले, तर तू म्हणशील तिथे."

शब्द देऊन बसले. आता हा माणूस जन्मभर मळकं ते पांढरं करत आलेला. मेणाचा डाग, गंजाचा डाग, शाईचा डाग, सगळ्यांना त्याने पाणी पाजलेलं. त्याला वाटलं, कुत्रा काय, एक मोठा शर्टच. आणि धोब्याच्या कामाचा पहिला नियम ठरलेला, आधी धुवायचं, मग सरळ करायचं. चुरगळलेलं कापड कुणी आधी इस्त्री करून धुतं का? तर नाही. म्हणून काकांनी कंगव्याला हातसुद्धा लावला नाही. सुट्टीच्या दिवशी दुकान बंद केलं, पातेलंभर पाणी कोमट केलं, आणि ढग्याला न्हाणीघरात घेतलं.

घेतलं म्हणजे, सहज नाही. आधी ढग्या पलंगाखाली. तिथून ओढला तर टेबलाखाली. टेबलाखालून निघाला तो पडद्यासकट, आणि पडदा डोक्यावर घेऊन नवरीसारखा दुकानभर हिंडला. शेवटी बिस्कीट दाखवून आत नेला आणि दार लावलं. पहिला तांब्या पडला तसं त्याने अंग असं झाडलं, की छतापासून उंबऱ्यापर्यंत भिंती न्हाल्या, काका न्हाले, खुंटीवरचा कोरडा टॉवेल न्हाला, एक ढग्या तेवढा कोरडा. वरचे लांब केस पाणी आत जाऊच देईनात. मग काकांनी बाह्या वर केल्या. कपड्यांचा साबण लावला, चांगला चोळला, गोल गोल, गादीच्या खोळीला चोळतात तसा. आणि शेवटच्या पाण्यात, सवयच हाताची, थेंबभर नीळ टाकली.

ढग्या बाहेर आला तो आभाळाच्या रंगाचा.

चांभार बघून म्हणाला, "स्टार्च पण घातलंत का काका? कान कडक उभे आहेत."

"ते त्याचे जन्माचेच आहेत," काका म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी जरासे हसले. टॉवेलने पुसला, वरून हात फिरवला. कापड वाळलं की नाही हे काका तळहाताने ओळखायचे, कधी चूक नाही. वरून कोरडा लागला. झालं, म्हणाले. आणि ओलाव्यात बाहेर नको म्हणून मागच्या खोलीत बांधला, जिथे इस्त्रीची सगळी वाफ जाऊन साचायची.

आणि बघा, गुण आला. पुढच्या दिवसांत केस कमी गळले. काकांनी दर सुट्टीला तेच केलं. साबण, चोळणं, पाणी, वरून पुसणं. केस आणखी कमी. मग जवळजवळ बंदच. हॉटेलच्या कापडावर शोधूनही सापडेना. मॅनेजर खूश. काकांनी लेकीला मुद्दाम फोन केला. "बंद झाले बघ. धुलाईसमोर कोण टिकतंय." लेकही म्हणाली, "बरं बाई, राहू दे मग."

दुसरं एक झालं. ढग्या शहाणा झाला. पूर्वी दारात कुणी आलं की झेप घ्यायचा, आता नुसता बघायचा. फिरायला नेलं की ओढायचा नाही, मागून चालायचा. चांभार म्हणाला, "सुधारला हो." काकांनाही तेच वाटलं, आंघोळीने थंड झाला. कधी कधी त्याला कुबट वास यायचा, न वाळलेल्या गाठोड्याला येतो तसा. काकांनी त्यावर काय करावं? आठवड्यातून दोनदा आंघोळ सुरू केली.

लेक आली तेव्हा ढग्या उठला नाही. ती खाली बसली, मानेवर कुरवाळायला गेली आणि तिची बोटं आत जाईनात.

"बाबा, हे काय झालंय?"

"काय झालंय?"

"हात लावून बघा. चटई आहे ही."

काकांनी हात लावला. रोज लावायचे, पण वरून. या वेळी बोटं रोवली. आत केस नव्हतेच, लोकर दाबून करतात तसा एक जाड नमदा होता, दाबला की ओला, आणि दाबल्यावर ढग्या कण्हला. कधी न कण्हणारा कुत्रा. काकांचा हात तिथेच राहिला. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात, तसं त्या अंगाचं होऊन बसलं होतं, आणि ते यांच्याच हातांनी.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ढग्याला टेबलावर घेतलं आणि केस कापायचं मशीन लावलं. पाठीवरून, पोटावरून तो नमदा अखंड सुटत गेला, पांघरूण काढावं तसा. खालची कातडी लालभडक, कुठे कुठे चिघळलेली. लेकीने तोंड फिरवलं. काकांनी नाही फिरवलं.

"काका, या जातीला दोन अंगरखे असतात," बाई म्हणाल्या. "वरचा लांब केसांचा, खालचा लवेचा. खालची लव गळते ती कंगव्याने आधी सगळी काढायची, मग पाणी. तशीच भिजवली की तिचा गोळा होतो. आणि वाळवायचं ते कातडीपर्यंत, तास-तास. केस गळायचे थांबले म्हणालात ना? थांबले नव्हते. आतच अडकत होते."

काका म्हणाले, "मी धुवत होतो. स्वच्छ ठेवत होतो मी त्याला."

"दिसतंय," बाई हळूच म्हणाल्या. "आधी कोण करायचं याचं?"

"पोरगा."

तेव्हा काकांच्या डोळ्यांपुढे आलं. सुट्टीच्या सकाळी पोरगा कुत्र्याला घेऊन गच्चीवर जायचा आणि दुपार झाली तरी यायचा नाही. काका खालून ओरडायचे, "न्हावी व्हायचं होतं का रे? तेवढ्या वेळात इथे गठ्ठा उरकला असता." पोरगा वरून म्हणायचा, "या ना वर, दाखवतो." काका एकदाही वर गेले नव्हते. इस्त्री तापलेली असायची.

मलम, गोळ्या, सगळं केलं. कातडी भरत आली. केस यायला लागले, पण ठिगळासारखे, कुठे आले कुठे नाही. बाई म्हणाल्या होत्या, पहिल्यासारखे येतीलच असं नाही. आणि काकांनी कंगवा घेतला. रोज सकाळी गच्चीवर, रोज संध्याकाळी गच्चीवर, मानेपासून शेपटीकडे, शेपटीपासून मांडीकडे. ढग्यात परत जीव आला. उड्या मारायला लागला, पडदा ओढायला लागला. आणि लव परत मोकळी झाली, ती उडायला लागली. जितका कुत्रा बरा, तितके केस पुढच्या खोलीत. काकांनी पडद्यावर पडदा लावला. कपडे पेटीत ठेवले. काही उपयोग नाही. इस्त्रीच्या वाफेत त्याला ठेवायचं नाही, असं बाईंनी बजावलेलं, आणि घरात वाफ नाही अशी जागाच नव्हती. अंगण नव्हतं, व्हरांडा नव्हता, आणि दिवसभर गच्चीवर उन्हात कुत्रा बांधायचा कसा? वर बोटं आखडायला लागली होती. कंगवा धरून धरून इस्त्री धरवेना. एका कोटावर डाग पडला जळल्याचा. असा डाग त्या माणसाच्या हातून उभ्या आयुष्यात पडला नव्हता.

मॅनेजरचा माणूस कपडे न्यायला आला तेव्हा घड्यांवर लव होती. त्याने ती नुसती झटकली. काकांना ते बोलण्यापेक्षा लागलं.

फोन त्यांनीच केला लेकीला. ती काही म्हणायच्या आत म्हणाले, "बाईंच्या ओळखीची कुणी आहे, शहराबाहेर रोपवाटिका आहे तिची. झाडं आहेत, सावली आहे. चालेल म्हणते."

लेक म्हणाली, "बाबा, आपण अजून थोडं बघू."

"बघितलं मी."

रोपवाटिकावाली बाई ठेंगणी, हातात माती, बोलणं तोडून. तिने ढग्याची ठिगळं बघितली आणि काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "मी केलंय ते." लपवलं नाही. मग म्हणाले, "बसा जरा, दाखवतो कसं करायचं ते." आणि तिथेच कुंड्यांच्या मध्ये खाली बसले. आधी लांब दातांचा कंगवा. मग बारीक. केस हाताने दुभागायचे, कातडी दिसली पाहिजे. कानामागे गाठी आधी होतात. पाणी शेवटी, साबण कुत्र्याचाच, कपड्याचा नाही. पुसल्यावर वरून हात फिरवून फसायचं नाही, बोट आत घालून बघायचं. ओलसर लागलं की अजून पुसायचं. बाई ऐकत होती. ढग्या पंजे पुढे टाकून पडलेला, डोळे मिटलेले.

"तुम्हाला चांगलं येतं की," बाई म्हणाली.

"आता येतं," काका म्हणाले.

पट्टा तिच्या हातात दिला तेव्हा ढग्या उठून उभा राहिला, त्याला वाटलं निघायचं. काका निघाले, पट्टा ताणला गेला. काकांनी मागे बघितलं नाही. फाटकापर्यंत भुंकणं ऐकू आलं, नंतर रस्त्यावरच्या गाड्या.

घरी येऊन त्यांनी दोन्ही पडदे धुतले. दुसऱ्या दिवशी इस्त्री तापवली. कोपऱ्यावरचा चांभार आता काही विचारत नाही, काका सकाळी फिरायलाच निघत नाहीत. लेक रोज फोन करते. काका म्हणतात, हो, जेवलो. हो, बरा आहे. तीच दोन वाक्यं. भेटायला जाऊ या का त्याला, असं तिने कितीदा विचारलं. काका म्हणतात, "त्याला परत सोडून यायचं? एकदा झालं ते पुरे." बाहीला, डागाला, कुणालाच ते आता काही सांगत नाहीत. दुकानात नुसता इस्त्रीचा आवाज.

महिनाअखेरीला मॅनेजर आला. कापडाची घडी उलगडून उजेडात धरली, मान डोलावली.

"बघा काका, मनावर घेतलं तर होतं. एक केस नाही."

"नाही," काका म्हणाले. "आता एकही नाही."

आणि कापड त्याच्या हातातून घेऊन त्यांनी परत घडी घातली.