दुसरीचं बीज

तंजावूरच्या दवाखान्यातल्या त्या नर्सबाई प्रत्येक वाक्य दोनदा बोलायच्या, आधी तमिळमध्ये, मग आमच्या तंजावरी मराठीत. माझी स्त्रीबीजं संपली होती. अनोळखी दात्रीचं बीज आणि नवऱ्याचे शुक्राणू प्रयोगशाळेत एकत्र करून तयार केलेला गर्भ माझ्या पोटात ठेवणार, हे त्यांनीच चित्र काढून समजावलं.

दोनदा गर्भ रुजला नाही. तिसऱ्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "पण मूल कुणाचं म्हणायचं?"

नर्सबाई खुर्चीतून उठल्याच. "बीज दुसरीचं, अम्मा. पण नऊ महिने पोटात पोसणार कोण? कळा सोसणार कोण?"

या वेळी गर्भ रुजला.

मुलगी झाली. सासूबाई नातीला कुणाच्याच हातात देईनात. नर्सबाई ड्युटी संपवून धावत आल्या, स्वतःच्या वेणीतला मोगरा माझ्या केसांत माळला आणि म्हणाल्या, "जिंकलीस गे!"