पुलावरची वीतभर हिरवी पट्टी

आमच्या गल्लीतील रंगारीबुवा सीमेवरच्या पुलाचा आपल्या देशाकडील अर्धा भाग हिरव्या रंगाने रंगवीत. उरलेला अर्धा पलीकडच्या देशाचा रंगारी करड्या रंगाने रंगवी, आणि तो होता बुवांचा व्याही. दोघेही आपापल्या टोकापासून निघत. जो मध्यावर आधी पोहोचे, तो दुसऱ्याच्या कठड्यावर आपल्या रंगाची वीतभर पट्टी ओढून व्याह्याला चिडवी. मागे राहिलेला निमूटपणे तिच्यावर आपला रंग चढवी.

त्या वर्षी व्याही अंथरुणाला खिळले होते. बुवांना त्याची वार्ता नव्हती. त्यांनी ओढलेली पट्टी तशीच राहिली आणि एका पहारेकऱ्याच्या दृष्टीस पडली. पलीकडच्या वृत्तपत्रांनी ‘अतिक्रमण’ म्हणून गहजब केला. आमची तरी का मागे राहतील? एक तसूही माघार नाही, असे त्यांनी छापले. पूल बंद झाला. दोन्ही तीरांवर तोफा आल्या. बुवांची लेक पलीकडे बाळंत व्हायची होती. तिच्याकडे निघालेल्या काकूंना, म्हणजे बुवांच्या पत्नीला, शिपायांनी परत पाठवले.

इकडे बुवा वीरपुरुष ठरले. नगरभवनात त्यांचा सत्कार झाला आणि तो रेडिओवरून दोन्ही तीरांवर ऐकू गेला. अध्यक्षांनी त्या पट्टीस राष्ट्राचे पहिले पाऊल म्हटले. टाळ्या थांबल्यावर बुवा ध्वनिक्षेपकापाशी आले.

“पराक्रम वगैरे काही नाही. मी व्याह्यांची थट्टा केली होती. उद्या सकाळी जाऊन ती पट्टी मीच पुसणार आहे.”

सभागृहात हुर्यो उठली. कोणीतरी त्यांना फितूर म्हटले. तेव्हा पहिल्या रांगेतून काकू उभ्या राहिल्या.

“भांडायला आम्ही दोघी विहिणी आहोत की. तोफा कशाला हव्यात?”

आधी मागच्या बाकांवर हशा पिकला, मग सगळीकडे. त्या हशाने जे साधले, ते मुत्सद्द्यांना साधले नव्हते.

सकाळी बुवांच्या मागे निम्मे शहर पुलावर लोटले. समोरून आपल्या मुलाच्या, म्हणजे बुवांच्या जावयाच्या, खांद्यावर हात टाकून, कांबळे पांघरलेले व्याही येत होते. त्यांच्यामागे त्यांचे शहर. अशा गर्दीवर कोणता अधिकारी तोफ डागणार? दोघा व्याह्यांनी मिळून पट्टी करडी केली. रंग वाळण्याचीही वाट न पाहता काकू गाठोडे सावरत मध्यरेषा ओलांडून गेल्या. दोन्ही देशांच्या शिपायांनी त्यांना अदबीने वाट करून दिली.