मशीनची मेहनत

सन दोन हजार तेवीस. मला अठ्ठ्याहत्तरावं वर्ष लागलं होतं. तापानं खाटेवर पाडलं आणि उठलो तेव्हा पायांत जीव राहिला नव्हता. मुलानं मला बेल्याकडच्या आमच्या गावाहून आदिलाबादला, आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, हात न टेकता खुर्चीवरून उठता आलं की खुशाल गावी जाऊन राहा. तोवर नाही.

मला घाई होती. कापूस फुटायला आला होता. पहिल्या वेचणीला आम्ही वावरात सीतादही करतो. खडे मांडून पूजा करायची, दहीभात शिंपडायचा, मगच बाया वेचायला लागतात. आमच्या वावरात तो भात वडलांच्या मागं मीच शिंपडत आलो.

डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम म्हणजे खुर्चीवर बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. त्यातून ना वावर निंदून होतं ना लाकूड फुटतं. रिकामी उठबस करणं मला माणसाचं काम वाटेना. मी केलं नाही. तेव्हा मुलानं एक मशीन आणलं. पाटाएवढी काळी फळी. बटण दाबलं की ती थरथरायची आणि वरचा माणूसही. "नुसतं उभं राहायचं, बाबा. पाय आपोआप मजबूत होतात," तो म्हणाला. हे मला पटलं.

मशीनला धरायला दोन रबरी पट्टे होते. पट्टे हातात आले, खालून फळी हलायला लागली, आणि मी वखरावर उभा राहतो तसा उभा राहिलो. कासरा ओढून अंग मागं टाकायचं, म्हणजे वखर खोल जातो. जन्मभराची सवय. पण पुढं बैल असले तर कासरा ताणून राहतो. हे रबर लांबतच गेलं आणि मी मागच्या दिवाणावर उताणा.

सून धावत आली. "मामाजी, हे काय करून राह्यले तुमी?"

"वखर हाणून राह्यलो."

"अन् बैल?"

"बैल आणायले तुझा नवरा इसरला."

ती हसली, पण पट्टे काढून कपाटात टाकले. मी कुठं जिन्यात पडायला नको म्हणून त्या दिवसापासून बाहेरच्या दाराला आतून कुलूप लावायला लागली. चावी तिच्या कमरेला. मी सकाळ-संध्याकाळ फळीवर उभा राहून खिडकीतून पाहायचो. समोरच्या घराची पाण्याची टाकी आणि तिच्यावर बसलेलं एखादं कबूतर. तेही कंटाळून उडून जायचं.

फायदा काहीच नव्हता असं मी म्हणणार नाही. उतरलं की मांड्यांत मुंग्या यायच्या, गुडघे हलके वाटायचे. चहा पिऊन होईस्तोवर ते टिकायचं. मग पाय पुन्हा लाकडासारखे.

सीतादहीच्या आदल्या दिवशी मुलानं खुर्ची मांडली. "उठा, बाबा."

मी दम घेतला, पुढं वाकलो. हात आपोआप खुर्चीच्या दांड्यांवर गेले. काढले, तर बूड उचललंच गेलं नाही.

"अजून थोडे दिवस लागतीन," तो म्हणाला. "मशीन चांगलं हाये."

"मशीन चांगलंच हाये. रोज इमानदारीनं मेहनत करते. पण मेहनत ते करते, पाय माझे काऊन मजबूत होतीन? जन्मभर बैलबंडीत हादरे खाल्ले. बंडीत बसणाऱ्याच्या मांड्या कधी भरल्या? भरल्या त्या बैलाच्या."

"मंग डॉक्टरनं सांगतलं ते काऊन नाही केलं?"



"मामाजीले कोण सांगणार," सून आतून म्हणाली.

मुलगा म्हणाला, "गाडीत नेतो उद्या. दोघं धरून वावरात नेऊ, संध्याकाळी परत."

"मले उचलून वावराच्या कडेले धुऱ्यावर ठेवशीन? साऱ्या बाया पायतीन. नाही येत."

"मंग भात कोण शिंपडीन?"

मी खिडकीकडं पाहिलं. टाकीवर ऊन आलं होतं. "तू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं दहीभाताचा डबा भरला. मी मुलाला सांगितलं, चपला धुऱ्यावर काढ, मूठ भरून घे, बोटांच्या चिमटीनं टाकू नको. तो गेला. सुनेनं दाराला कुलूप लावलं. मी खुर्ची भिंतीला लावून बसलो, हात छातीशी बांधले. उठता आलं नाही. सुनेनं हात देऊन मला उठवलं. तिनं गोधडीची घडी करून खुर्चीवर टाकली, बैठक उंच झाली. मी पुन्हा बसलो आणि या वेळी हात न लावता उठलो. मग बसलो. मग पुन्हा उठलो.