नाताळचा कच्चा खिमा

आमच्या आर्डिसच्या घरून कुणी उपाशी गेलंय, असं अख्ख्या दक्षिण मिलवॉकीत कुणी सांगणार नाही. माझी थोरली जाऊ ती. पोस्टमन असो, बर्फ उपसणारा असो, की दारी धर्म सांगायला आलेली माणसं, सगळ्यांच्या हातात काहीतरी कोंबणार. नको म्हटलेलं तिला ऐकूच येत नाही. माया करायची दुसरी रीतच त्या बाईला ठाऊक नाही.

नाताळला तिचा कच्चा खिमा ठरलेला. राय नावाच्या धान्याच्या काळसर पावावर गाईचा ताजा खिमा थापायचा, वर कांदा, मीठ, मिरपूड. शिजवायचा नाही. बाहेरचे नाकं मुरडतात, आरोग्य खातं दर डिसेंबरात खाऊ नका म्हणून कानीकपाळी ओरडतं, आणि आम्ही दर डिसेंबरात खातो. फक्त एक पथ्य होतं. आमचा म्हातारा खाटीक सकाळी धुतलेल्या यंत्रातून पहिला खिमा आमचा काढायचा, एकाच अखंड तुकड्याचा, आमच्या डोळ्यांदेखत. तेवढ्याने सगळा धोका टळतो असं मुळीच नाही, पण आम्ही त्याच भरवशावर वाढलो.

गेल्या हिवाळ्यात खाटकाने दुकान बंद केलं. आर्डिसने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. सुपरमार्केटातून खिम्याचं पाकीट आणलं, फोडलं आणि खाटकाच्या जुन्या गुलाबी कागदात बांधून ठेवलं. हे आम्हाला नंतर कळलं. त्या पाकिटातल्या खिम्यात कितीतरी जनावरांचं मांस एकत्र असतं. एकाच्या आतड्यातला जंतू सगळ्या ढिगात मिसळतो. नीट शिजवला तर मरतो. आम्ही काय शिजवणार, कपाळ!

आर्डिसची सून हेदर जेवायला बसण्याआधीच स्पष्ट बोलली होती, की मोठ्यांनी काय खायचं ते खा, एल्सीला द्यायचं नाही. एल्सी तिची मुलगी, चार वर्षांची. आर्डिसने शहाण्यासारखी मान हलवली. ती शहाण्यासारखी मान हलवते तेव्हाच मला धास्ती वाटते.

आम्हा मोठ्यांना काही झालं नाही. एल्सीला मात्र नाताळनंतर जुलाब सुरू झाले, मग ताप चढला, मग जुलाबातून रक्त पडायला लागलं. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा पोर चादरीसारखी पांढरी पडली होती.

तपासणीचा अहवाल अजून यायचा होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मुलीने कच्चं मांस खाल्लंय का? तसं असेल तर ज्या प्रतिजैविकाचा त्या विचार करत होत्या ते देणं धोक्याचं होतं, मूत्रपिंडं बिघडू शकतात. हेदर ठामपणे नाही म्हणाली. मोठ्यांनी खाल्लं, तेही ओळखीच्या खाटकाकडचं, आणि एल्सीने तोंडही लावलं नाही. मी आर्डिसकडे बघितलं. ती पर्सचा पट्टा बोटांना करकचून गुंडाळत होती.

मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

"दिलास ना पोरीला?"

"एवढासा घास. स्वयंपाकघरात."

"आणि खिमा कुठला?"

तेव्हा पाकिटाचं सगळं बाहेर पडलं. मला असा संताप आला की वाटलं, तिथेच एक ठेवून द्यावी. ती रडायला लागली. म्हणाली, "सांगितलं तर हेदर मला पोरीला शिवू देणार नाही गं."

"आणि नाही सांगितलंस तर शिवायला पोर राहील का?"

मग ती आत गेली. मी मागेच होते. डॉक्टरीणबाईंसमोर तिने सगळं सांगितलं, त्या गुलाबी कागदासकट. त्यांनी ते प्रतिजैविक द्यायचं रद्द केलं आणि लगेच मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना फोन लावला. माझा पुतण्या ग्लेन, हेदरचा नवरा, आईकडे बघतच राहिला. हेदरने आवाजसुद्धा चढवला नाही.

"किती दिलंत, आई?"

आर्डिस म्हणाली, "तिला आवडलं गं. तिने परत मागितलं. मी परत दिलं."

मूत्रपिंडांनी दगा दिलाच. काही दिवस यंत्रावर रक्त शुद्ध करावं लागलं, त्या इवल्याशा पोरीचं. पण वाचली. वसंतात घरी आली, आता बागेत धुडगूस घालते.

हेदर तिला आजीकडे आणते. मला वाटलं नव्हतं आणेल. येताना पोरीचा डबा घरून भरून आणते. एल्सी आजीच्या टेबलाशी बसून तो डबा खाते. आर्डिस समोर बसते, हात मांडीवर ठेवून. परवा एल्सी म्हणाली, "आजी, तू मला काहीच का देत नाहीस?" आर्डिसने हेदरकडे बघितलं. हेदर डब्याचं झाकण लावत राहिली.