नणंदेची मदत

लग्न होऊन मी साताऱ्याकडून वसईजवळच्या बोळिंजला आले. सासरच्या भुईगावच्या बागायती वाडीतून भाज्या यायच्या. केळफूल कसं सोलतात हेही मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंकडून शिकत गेले आणि हौसेने ते सगळं इंटरनेटवर ब्लॉग काढून लिहू लागले. नवऱ्याने ब्लॉगवर जाहिराती लावून दिल्या. वाचकाने जाहिरातीवर क्लिक केलं की आपल्याला थोडे पैसे.

सगळ्यांत जास्त आनंद झाला धाकट्या नणंदेला. ती वसईला एका ऑफिसात कामाला होती. एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"वहिनी, आज जेवणाच्या सुट्टीत अख्ख्या ऑफिसला तुझा ब्लॉग उघडायला लावला. एकूण एक जाहिरात दाबली आम्ही! उद्या परत दाबू."

मला हसू आलं, पण हे चालणार नव्हतं. जाहिराती पुरवणाऱ्या कंपनीचे नियम मी वाचले होते. स्वतः क्लिक करायचं नाही, ओळखीपाळखीच्यांना करायला सांगायचं नाही. नाहीतर खातं बंद.

"अगं, उद्या नको. कधीच नको."

"का? चोरी केली का मी?" ती फुरंगटली.

"त्यात पाण्याच्या पंपाची जाहिरात होती ना? प्रत्येक क्लिकमागे त्या पंपवाल्याच्या खिशातून पैसे जातात. तुमच्यात कुणाला पंप घ्यायचाय?"

ती म्हणाली, "अय्या! बिचारा आमच्या फोनची वाट बघत बसला असेल."

घडलं ते मी जाहिरातवाल्या कंपनीला लगेच कळवून टाकलं. त्यांनी ते क्लिक वजा केले, खातं राहिलं. पण उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगणीला होता.

नणंद गप्प बसणारी नव्हती. "वाचायला तर सांगू शकते ना?"

"वाचायला खुशाल सांग. जाहिरातींचं नाव काढू नकोस."

तिने केळफुलाच्या भाजीची कृती ऑफिसात वाटली. तिथल्या एका बाईंनी रविवारी भाजी केली आणि ब्लॉगखाली लिहिलं, 'हात काळे पडले, काय करू?' कुणी लिहिलं, आधी तेल लावा. कुणी म्हणालं, ताकाने धुवा. वाद रंगला, आणि केळफूल शोधत आलेली अनोळखी माणसंही त्यात पडू लागली. सासूबाई रोज विचारायच्या, "आज काय म्हणतायत गं?" मग मी वाचून दाखवायचे आणि त्या भाजी निवडता निवडता एकेकाच्या चुका काढायच्या.